पाद्रीचा खोकला

माझ्या वडिलांच्या मित्रांनी लांडग्यांवर खुनाचा आरोप ठेवला, तेव्हा मी शाळेच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली बसले होते.

जानेवारी होता. पुढच्या हंगामात किती एल्क, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, मारू द्यायचे आणि किती लांडगे, हे ठरवण्याआधी वन्यजीव खातं आमच्या गावात येऊन लोकांचं ऐकून घेतं. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. टेबलावर एक छोटा दिवा असतो, वेळ संपली की तो लाल होतो. मोन्टानातली आमची माणसं एरवी दोन मिनिटांत वर्षभराचं बोलून मोकळी होतात. पण लांडग्यांचा विषय निघाला की दिव्याकडे कुणी बघत नाही.

पहिले बोलले पीटकाका. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. "पूर्वी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हरणं दिसायची," ते म्हणाले. "आता फक्त दुकानातल्या कॅलेंडरवर दिसतात. कॅलेंडर मीच छापतो, म्हणून तेवढी तरी उरलीयत. एल्कचं तर विचारूच नका. माझा मुलगा शिकारीला यायचा बंद झाला. म्हणतो, बाबा, नुसतं चालायचंच असेल तर मी मॉलमध्ये चालतो."

लोक हसले. पीटकाका हसले नाहीत. मुलगा खरंच येत नव्हता.

मग ऑर्व्हिलकाका. हे गावातले निवृत्त दातांचे डॉक्टर. अर्ध्या हॉलच्या तोंडात त्यांचं काम होतं, त्यामुळे ते बोलायला लागले की लोक आपोआप तोंड मिटून ऐकतात. त्यांनी लांडगे, अस्वलं आणि डोंगरी सिंह, म्हणजे प्यूमा, अशा क्रमाने कोण किती खातो ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "एवढ्या दाढांपुढे हरणाचं काय चालणार?"

आणि मग डेलमरकाका उठले.

डेलमरकाकांनी जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली. बोलणं हा त्यांचा प्रांत नाही. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये माझे बाबा, म्हणजे त्यांचा एमेट, गेले, तेव्हा चर्चमध्ये दोन शब्द बोलायला ते उभे राहिले होते. टोपी हातात घेऊन उलटसुलट केली, आतलं अस्तर नीट पाहिलं, आणि खाली बसले. मला त्याचा राग आला नव्हता. मलाही बोलता आलं नव्हतं.

"मी एका नराबद्दल बोलायला आलोय," ते म्हणाले.

"बोला," अध्यक्ष म्हणाले.

"किटलीच्या खोऱ्यात पंधरा वर्षं एक एल्क होता. आम्ही त्याला पाद्री म्हणायचो. दर सप्टेंबरला पहाटे समोरच्या कड्यावरून साद घालायचा. तशी साद मी दुसरी ऐकली नाही. आधी खालून, पोटातून यायची. मग चढत चढत अशी वर जायची की वाटायचं, आता फाटेल. पण फाटायची नाही. वर जाऊन थांबायची, जिन्याच्या वरच्या पायरीवर कुणी दम घ्यायला थांबावं तशी. आणि मग खोकायचा."

"कोण?"

"पाद्री. दोनदा. हळूच. प्रवचनाआधी खोकतात ना, तसा. म्हणून तर पाद्री."

मागे कुणीतरी खुसखुसलं. दिवा लाल झाला. डेलमरकाकांनी त्यावर टोपी ठेवली.

"मागच्या सप्टेंबरला आम्ही गेलो. आमचा एमेट नव्हता, आम्ही तिघंच. रोज पहाटे कान देऊन बसलो. एकदाही आवाज नाही. खोरं असं गप्प, की माझंच पोट वाजलेलं मला ऐकू यायचं. लांडग्यांनी खाल्ला त्याला. दुसरं काय होणार? पंधरा वर्षं जो न चुकता आला, तो न सांगता यायचा थांबत नाही. एवढंच." ते थांबले. "चांगला होता," असं म्हणून त्यांनी दिव्यावरची टोपी उचलली.

ऑर्व्हिलकाका माझ्या कानाशी वाकले. "एमेट आणि पाद्री, दोघं एकाच वर्षी. काय वाईट वर्ष गेलं गं, जो."

मी मान हलवली. त्या दोन खोकल्यांनी मला खुर्चीत खिळवलं होतं.

माझे वडील शाळेची बस चालवायचे. त्यांना तरुणपणापासून सिगारेटी आणि त्यामुळे खोकला. पण माणूस भिडस्त. मोठा श्वास घ्यावा लागला की नंतर मूठ तोंडापुढे धरून दोनदा, हळूच खोकायचे, जणू कुणाची तरी माफी मागताहेत. आणि मोठा श्वास ते कशासाठी घ्यायचे, तर एल्कची साद घालण्यासाठी. शिकारी लोक त्यासाठी एक पन्हाळीसारखी नळी वापरतात. मी लहान असताना घरामागच्या गोठ्यात उभं राहून त्यांनी मला ती वाजवायला शिकवली. ते घालायचे ती साद गोठ्याच्या आढ्याला लागून परत यायची आणि घोडी दोन पावलं मागे सरकायची. आई खिडकीतून ओरडायची, "घरात एक नर पुरे आहे! पोरीला कशाला शिकवतोस?"

हे घरातल्यांनाच ठाऊक होतं. सप्टेंबरातल्या शिकारीच्या कॅम्पवर वेगळंच. कॅम्पवर बाबा स्वयंपाकी होते, कारण त्यांचा गुडघा कामातून गेला होता. हे तिघं मित्र पहाटे चढायला निघून जायचे आणि हे मागे भांडी घासत राहायचे. आणि साद घालण्यात ते सगळ्या तालुक्यात सर्वांत वाईट समजले जायचे. तो किस्सा मी शंभरदा ऐकला होता: एमेटने एकदा कॅम्पवर नळी तोंडाला लावली आणि खेचरं दावं तोडून पळाली. त्या दिवसापासून त्यांना नळीला हात लावायची बंदी होती. बाबा हा किस्सा ऐकताना खाली बघून हसायचे. मला नेहमी वाटायचं, मित्रांपुढे बिचारे घाबरत असतील.

जाळीखाली बसून मला कळलं, की घाबरत वगैरे काही नव्हते.

तेवढ्यात खात्याची तज्ज्ञ बाई उठली. टेसा तिचं नाव. तरुण, उन्हाने रापलेली, बुटांना चिखल. "मिस्टर टॉफ्ट," तिने डेलमरकाकांना विचारलं, "तुम्ही हा नर डोळ्यांनी पाहिलाय?"

इथे शहाणा माणूस "नाही" म्हणाला असता. पण पंधरा वर्षं कॅम्पवर गेलेल्या शिकाऱ्याला, भर सभेत, "पाहिला नाही" म्हणायला लावणं म्हणजे त्याला विजार उतरवायला सांगण्यासारखं आहे.

"म्हणजे काय! सात टोकांची शिंगं, दोन्हीकडे."

"आठ," ऑर्व्हिलकाका बसल्या जागेवरून म्हणाले. "डावीकडचं एक मोडलेलं."

"मानेवर पांढरा ठिपका," पीटकाका म्हणाले.

टेसाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हे तीन नर झाले."

"एकच!" तिघं एकदम म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"पंधरा वर्षं म्हणजे फार म्हातारा झाला."

"एक दात आणून द्या, वय मी सांगतो," ऑर्व्हिलकाका म्हणाले.

"आणि सगळी पंधरा वर्षं खोकत होता?"

"शेवटी शेवटी जरा जास्तच," डेलमरकाका म्हणाले.

टेसाचा चेहरा गंभीर झाला. "फुप्फुसाचा आजार असेल तर तो कळपात पसरू शकतो. मला हे बघावंच लागेल." तिने नकाशा लावला. तिचं म्हणणं असं, की एल्क संपलेले नाहीत, खाली उतरलेत. दोन कडक हिवाळे झाले, वर लांडगे आले, वर बंदुका आल्या; खाली गुरांच्या मोठ्या रँचवर पाणी देऊन वाढवलेलं हिरवं गवत आहे आणि मालक कुणाला शिकार करू देत नाही. "हायवेवरून तीनशे मोजले मी."

"ते एल्क नाहीत," डेलमरकाका म्हणाले. "ते भाडेकरू आहेत."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टेसाही हसली. मग म्हणाली, "ठीक आहे. सप्टेंबरमध्ये मी स्वतः तुमच्या कॅम्पवर येते. आवाज टिपायची यंत्रं लावते. नर जिवंत असेल तर कळेल. कवटी सापडली आणि ती लांडग्यांची शिकार ठरली, तर त्या खोऱ्यात लांडगे मारायचे परवाने वाढवायची शिफारस मी करेन. मात्र नर कधी नव्हताच असं निघालं, तर तेही अहवालात लिहावं लागेल."

"नव्हताच?" पीटकाका लाल झाले. "पंधरा वर्षं आम्ही काय वारा ऐकत होतो?"

सभेनंतर आम्ही समोरच्या उपाहारगृहात पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, खायला गेलो. हकलबेरीचा, वर आइस्क्रीम. मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं.

"डेलमरकाका," मी म्हटलं, "बाबांनाही असाच खोकला होता. दोनदा. हळूच."

"त्याचा तंबाखूचा," ते म्हणाले. "पाद्रीचा धुळीचा."

"बाबांना साद चांगली घालता यायची. घरी घालायचे."

तिघांनी काटे खाली ठेवले आणि माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मला लाज वाटली. पीटकाकांनी माझा हात थोपटला. "पोरी, माणूस गेला की त्याचं सगळंच चांगलं वाटायला लागतं. माझी सासू गेल्यावर मी तिच्या कॉफीचीसुद्धा स्तुती केली होती."

"एमेटला मांजरालाही हाक मारता आली नसती," ऑर्व्हिलकाका म्हणाले. "सोन्यासारखा माणूस. पण घशात लोखंड."

डेलमरकाका पायचा शेवटचा तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवत राहिले. मग म्हणाले, "पुढचा सप्टेंबर शेवटचा. वर जाऊ, एमेटची राख सोडू, पाद्रीची कवटी शोधू. दोघांना शेजारी ठेवू. खाली येऊन खेचरं विकून टाकू. आता वर जायचं कशासाठी?"

"खरंय," पीटकाका म्हणाले. "नर नाही, एमेट नाही."

त्या रात्री घरी परतताना मी हिशेब मांडला. पंधरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आई गेली होती. त्याच सप्टेंबरात तिघांचं ठरलं होतं की एल्क दिसत नाहीत, कॅम्प बंद करू; हे बाबांनी मला पडलेल्या आवाजात फोनवर सांगितलं होतं. आठवड्याने पुन्हा फोन. आवाज फुललेला. "अगं जो, काय झालं सांगू? एक नर आलाय. समोरच्या कड्यावर. मी नाही ऐकला, मी भांडी घासत होतो. पण हे तिघं वेडे झालेत! पुढच्या वर्षी सगळे येणार."

त्या तिघांना एल्क हवा होता. बाबांना ते तिघं हवे होते.

आता मी खरं सांगितलं तर तिघांचे सात, आठ आणि पांढरा ठिपका सगळ्या तालुक्याच्या हसण्यावारी जातील, आणि बाबा त्यांच्यासाठी मित्र राहणार नाहीत, पंधरा वर्षं मूर्ख बनवणारा माणूस होतील. नाही सांगितलं तर टेसाची यंत्रं सांगतील. मी तेव्हा एवढंच ठरवलं, की स्वयंपाकी म्हणून मी जाणार.

सप्टेंबरमध्ये आम्ही निघालो. खेचरावर सामान लादताना दोन्ही बाजूंचं वजन सारखं लागतं, नाहीतर चढणीवर खोगीर घसरतं. राखेचा डबा एका पेटीत ठेवल्यावर डेलमरकाकांनी दुसऱ्या पेटीत बटाटे टाकायला सुरुवात केली. वजनकाटा धरून बघायचे आणि एक-एक बटाटा टाकायचे.

"अजून दोन," ऑर्व्हिलकाका म्हणाले. "एमेट एवढा हलका नव्हता."

"एमेट हलकाच होता. जड होता तो त्याचा तवा."

"मग तवा त्याच्या बाजूला टाक. जो, तुझी हरकत नाही ना?"

माझी हरकत नव्हती. बाबा, त्यांचा तवा आणि समोर तेवढेच बटाटे, असे आम्ही दिवसभर चढलो. टेसा मागून चालत होती. तिने वाटेत चार ठिकाणी झाडांना यंत्रं बांधली. कॅम्पच्या मागे एक बांधायला लागली तेव्हा मी विचारलं, "इथे कशाला? नर समोरच्या कड्यावर असायचा."

"तुलना करायला," ती म्हणाली. "इथे काही ऐकू येणार नाही, तुमच्या भांड्यांशिवाय."

पहिल्या दिवशी तिघं पहाटे निघून गेले आणि दुपारी कवट्या घेऊन परतले. ऑर्व्हिलकाकांनी त्या ओळीने मांडल्या आणि बोटाने दाढा चाचपल्या. एक गायीची निघाली. एक खेचराची, ती डेलमरकाकांनी ओळखली आणि "ही तर मेबल" म्हणून तिच्यावरची माती पुसली. पीटकाकांना सहा वर्षांपूर्वी हरवलेला स्वतःचा थर्मास सापडला.

टेसाही दमून आली. "ताजं शेण नाही, खुराचा ठसा नाही, काही नाही. या खोऱ्यात सध्या एल्क नाहीत."

"तेच तर आम्ही सांगतोय! लांडगे!"

"लांडगेही नाहीत."

पीटकाकांनी थर्मास मांडीवर घेतला.

"नाहीत म्हणजे?" डेलमरकाकांनी विचारलं.

"एल्क नाहीत तर ते इथे काय खातील? तेही खाली गेलेत. जुनी विष्ठा सापडली, मागच्या वर्षीची. आता या खोऱ्यात शिकारी प्राणी म्हणजे तुम्ही तिघंच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या कानात यंत्र, एकाचे गुडघे बांधलेले, एकाच्या मांडीवर थर्मास.

"लांडगेसुद्धा सोडून गेले," पीटकाका हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मी लांडग्यांच्या बाबतीत कधी बघेन असं वाटलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं होतं.

"उद्या सकाळी यंत्रं काढते," टेसा म्हणाली. "मग मला खरं ते लिहावं लागेल. माफ करा."

संध्याकाळी पाणी आणायला म्हणून मी कॅम्पच्या मागे चढले. तिथे एक पायवाट होती. फार वापरातली नाही, पण एकाच माणसाच्या सवयीची. दुखऱ्या गुडघ्याला सोसेल अशी, वळणं घेत जाणारी. वर एक मोठं पोकळ झाड आणि समोर बसायला खोड. खोडावर घडी घातलेलं पोतं, त्यावर बसून बसून पडलेला खळगा. झाडाच्या पोकळीत पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली नळी आणि खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी. मधाच्या. तीन गोळ्या उरल्या होत्या.

समोर दरीपलीकडे तो कडा. मी टाळी वाजवली. टाळी कड्यावर गेली, तिथून परत आली, आणि कुणीही शपथेवर सांगितलं असतं की टाळी तिकडेच वाजली.

मी खोडावर त्या खळग्यात बसले. बराच वेळ बसले. मग खाली जाऊन बटाटे सोलले.

सकाळी तिघांना कॉफी आणि पॅनकेक दिले. तिघं बंदुका घेऊन, पण शिकारीपेक्षा निरोपाला निघाल्यासारखे, ओढ्याच्या दिशेने गेले. टेसा लांबचं यंत्र काढायला गेली. राख कुठे सोडायची ते तिघांनी माझ्यावर सोपवलं होतं; मी डबा घेतला आणि वर चढले.

राख मी खोडाभोवती सोडली. वारा नव्हता, ती जिथल्या तिथे बसली, बाबांसारखीच, कुणाला त्रास न देता. मग नळी तोंडाला लावली.

पहिली साद अशी निघाली की खाली खेचरांनी खरोखरच दावी ओढली. मी थांबले. डबीतली एक गोळी तोंडात टाकली. गोठा आठवला, घोडी आठवली. पोटातून, बाबा म्हणायचे, गळ्यातून नाही. गळा फक्त दार आहे.

दुसरी गेली. खालून निघाली, चढली, आणखी चढली, मला वाटलं आता फाटेल, आणि वर जाऊन थांबली. कड्याने ती घेतली आणि अख्ख्या खोऱ्यावर सोडून दिली. त्याच क्षणी गोळी घशात अडकली आणि मी खोकले. मुद्दाम नाही. दोनदा.

ओढ्याकडून एक आरोळी आली. म्हाताऱ्या माणसांची आरोळी, आनंदाची, मधेच धाप लागलेली.

नाश्त्याच्या दुसऱ्या फेरीला तिघं परतले ते पोरांसारखे. पीटकाकांच्या पँटचे गुडघे ओले होते.

"पाहिला! देवाशपथ पाहिला! मानेवरचा ठिपका मोठा झालाय. म्हातारा झाला गडी."

"शिंगाचं आणखी एक टोक गेलंय," ऑर्व्हिलकाका म्हणाले. "आता सात. म्हणजे डेलमर, तुझंही बरोबर ठरलं."

डेलमरकाका तव्याशी उभे राहून पॅनकेक उचलत होते. "मी नाही पाहिला," ते म्हणाले. "पण ऐकला."

तेवढ्यात टेसा आली. यंत्रं तिने मेजावर मांडली आणि कानाला लावून एक-एक ऐकायला लागली. पहिलं. दुसरं. तिसरं. तिघं तिच्या तोंडाकडे बघत होते. मग तिने चौथं लावलं, कॅम्पच्या मागचं. मी विसरले होते. भांड्यांशिवाय तिथे काही ऐकू येणार नाही असं तिने सांगितलं होतं, आणि मी त्यावर निर्धास्त होते.

ती ऐकत राहिली. भुवया वर गेल्या. पहिल्या सादेनंतर मी मोठ्याने काय बोलले होते ते मला आत्ता आठवलं. मी म्हटलं होतं, "सॉरी बाबा. थांबा, दुसरी जमेल."

टेसाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात उलथनं होतं. पॅनकेक जळत होता.

तिने यंत्र हळूच बंद केलं.

"तर," ती म्हणाली, "किटलीच्या खोऱ्यात आज सकाळी एक आवाज नोंदला गेलाय. तसं मी लिहीन."

"आणि खोकला?" ऑर्व्हिलकाकांनी विचारलं.

"खोकलाही. आजार वाटत नाही. घराण्यातला असावा."

"म्हणजे पाद्री जिवंत!"

"म्हणजे लांडग्यांनी त्याला मारलेला नाही," टेसा म्हणाली. "त्यामुळे जादा परवान्यांची शिफारस मला करता येणार नाही."

तिघांचे चेहरे उतरले. जिंकलेला खटला हातातून जातो आणि मेलेला माणूस परत मिळतो, अशा वेळी कुठला चेहरा करायचा ते त्यांना कळेना.

"म्हणजे लांडगे निर्दोष?" पीटकाकांनी विचारलं.

"या प्रकरणात."

"बाकीची प्रकरणं उघडी आहेत ना?"

"आहेत."

"मग ठीक," पीटकाका म्हणाले, आणि त्यांनी सिरपची बाटली ओढली. "खेचरं विकायची घाई नको. पुढच्या वर्षी माझ्या पोराला आणतो. त्याला म्हणावं, मॉलमध्ये हे ऐकून दाखव."

निघताना मी आणि डेलमरकाका सामान लादत होतो. बटाटे संपले होते, डबा रिकामा होता. दोन्ही पेट्या सारख्याच हलक्या. तवा मात्र एका बाजूला जड जात होता. डेलमरकाकांनी दुसऱ्या बाजूला मेबलची कवटी ठेवली आणि पट्टा ओढला.

"पुढच्या वर्षी स्वयंपाक तूच करशील," ते म्हणाले. विचारलं नाही.

"करेन."

"एक सांगू का? आज जरा घाई झाली. एमेट आम्हाला ओढा ओलांडू द्यायचा. मग सुरू करायचा. आज आम्ही ओढ्यातच होतो. पीट पाण्यात पडला."

मी पट्ट्याचं टोक धरून उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं."

"तिसऱ्या वर्षापासून. मी चष्मा विसरलो म्हणून परत आलो होतो." ते दुसऱ्या पट्ट्याकडे वळले. "त्याने मला पाहिलं नाही. मी चष्म्याशिवायच वर गेलो आणि सात टोकं मोजली."

"आणि सभेत? लांडग्यांनी खाल्ला म्हणून का सांगितलंत?"

त्यांनी टोपी काढली. आतलं अस्तर पाहिलं. पुन्हा घातली.

"चर्चमध्ये मला बोलता आलं नव्हतं ना," ते म्हणाले. "सभेत दोन मिनिटं मिळत होती. लांडग्यांचं काय, त्यांच्यावर एक आरोप जास्त."

मग त्यांनी खेचराच्या पाठीवर थाप मारली आणि आम्ही उतरायला लागलो.